शिवनेरीची माकुडी आणि जावाचा पाकट

धाराशिवहून समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. पश्चिमेला सरळ रेघ ओढली तरी कोकणचा किनारा तीनशे किलोमीटरांच्या पलीकडे राहतो. आमच्याकडे समुद्र येतो तो आठवडी बाजारात, सुकट-बोंबलांच्या पोत्यांतून. बालाघाटाच्या डोंगरात वाढलेल्या माणसाने समुद्रातल्या माशावर लिहायला बसावं आणि त्याच्या शेजारी सह्याद्रीच्या कड्यावरचं एक फूल आणून ठेवावं, हे वाचणाऱ्याला ओढूनताणून जुळवल्यासारखं वाटेल. मला मात्र गेली काही वर्षं ही दोन नावं एकमेकांपासून सोडवता आलेली नाहीत. दोघांची गाठ मला पहिल्यांदा दिसली ती सालांमध्ये.

जुलै १८६२मध्ये एदुआर्ट फॉन मार्टेन्स हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, मासळीबाजारात हिंडत होता. प्रशियाच्या पूर्व आशिया मोहिमेबरोबर तो त्या बाजूला आला होता. तिथे त्याने एक लहानसा पाकट विकत घेतला. १८६४मध्ये त्या पाकटाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, तो नमुना बर्लिनच्या संग्रहालयात गेला आणि जातीच्या नावात जावा बेट कायमचं बसलं. त्याच सुमारास इकडे मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक निकोल डाल्झेल जुन्नर परिसरातल्या कड्यांवरच्या एका रसाळ वनस्पतीचं वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकासाठी लिहीत होता. तिला त्याने तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं, फ्रेरिया इंडिका. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला कंदीलपुष्पांच्या प्रजातीत हलवून पुन्हा नवं नाव दिलं आहे. मराठी पुस्तकांत ती शिंदळ माकुडी म्हणून ओळखली जाते.

म्हणजे शास्त्राच्या वहीत दोघांची नोंद जवळपास एकाच वेळी झाली. पुढे काय झालं ते असं. मार्टेन्सनंतर तो पाकट कुणालाच दिसला नाही. एकच नमुना, एकदाच, बाजारातून विकत घेतलेला. जावाच्या किनाऱ्यावरची मासळी १८७०च्या दशकातच घटू लागली होती. अलीकडच्या काळात तिथल्या बंदरांवर उतरणारी मासळी वर्षानुवर्षं तपासून झाली, पण त्यात तो नव्हता. डिसेंबर २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, त्याला नामशेष म्हणून जाहीर केलं. माणसाच्या करणीने नामशेष झाल्याचं नोंदलं गेलेला हा पहिला समुद्री मासा.

माकुडी मात्र आजही शिवनेरीवर आहे.

मी तिला पाहिलं ते पाऊस उतरताना, भाद्रपदात. शिवनेरीचा कडा तेव्हा ओला आणि काळाभोर असतो, फटीफटींतून गवताचे झुपके लोंबतात, आणि त्या हिरवाईत माकुडी शोधायला डोळ्यांना बराच वेळ लागतो. एकदा दिसली की मात्र ती वेगळी कळते. बोटाएवढ्या जाडीच्या, करड्या-हिरव्या मांसल फांद्या खडकाच्या कपारीतून निघून कड्यावर पसरलेल्या किंवा खाली झुकलेल्या. टोकांकडे फुगीर, गुळगुळीत पानं. त्यांच्या बेचक्यात पाच पाकळ्यांची चांदणी, गडद तांबडी, जांभळटाकडे झुकणारी, आणि तिच्यावर पिवळे ठिपके-रेघा. फूल लहान, दोन सेंटिमीटरांच्या आसपास. माशी त्यावर बसते, पाय अडकल्यासारखी थबकते, सुटते. या कुळात पराग सुटा उडत नाही. त्याचे मेणचट पुंजके असतात, ते माशीच्या अंगाला चिमट्यासारखे अडकतात आणि माशी पुढच्या फुलावर गेली तरच पुढचं काम होतं.

पण या फुलाहून मला त्या पानांचं नवल जास्त वाटतं. या कुळातल्या माकुडीच्या बहुतेक भावंडांनी पानं जवळपास टाकूनच दिली आहेत. कोरड्या प्रदेशात पान म्हणजे पाण्याची गळती, म्हणून त्यांनी सगळा कारभार हिरव्या खोडावर सोपवला. माकुडीने दोन्ही ठेवलं. पावसात पानं फुटतात, उन्हाळ्यात गळतात, मागे उघडं खोड राहतं. १९७७मध्ये लांगे आणि झुबर या संशोधकांनी तिच्यावर प्रयोग करून दाखवलं की तिची पानं इतर साध्या झाडांसारखी दिवसा रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि खोड मात्र निवडुंगासारखं रात्री रंध्रं उघडतं. दिवसा ऊन असताना खोडाची दारं बंद. रात्री गारवा आला की उघडायची, हवा साठवून घ्यायची, आणि सकाळी त्यावर काम करायचं. एकाच झाडाच्या अंगावर पावसाळ्याचा एक धर्म आणि दुष्काळाचा दुसरा. मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही ही रीत सांगावी लागत नाही.

पाकटाचीही अशीच एक गोष्ट आहे, आणि तीही श्वासाचीच. पाकट तळाला राहणारा. अंग चपटं, दोन्ही बाजूंचे पर पंखांसारखे रुंद, तोंड आणि कल्ल्यांच्या चिरा पोटाच्या बाजूला. तो वाळूत अंग पुरून पडतो, वर फक्त डोळे ठेवतो. आता तोंडच वाळूत असेल तर कल्ल्यांवरून पाणी जायचं कसं? तोंडाने ओढलं तर वाळूच आत जाणार. म्हणून त्याच्या डोळ्यांच्या मागे दोन भोकं असतात. वरचं स्वच्छ पाणी तो तिथून आत घेतो आणि खालच्या चिरांतून सोडतो. कड्यावरच्या झाडाने श्वासाची वेळ बदलली, तळाच्या माशाने श्वासाची जागा. दोघांनीही आपापल्या अवघड ठिकाणी बस्तान बसवलं ते असं. आणि त्याच ठिकाणाने पुढे एकाला राखलं, दुसऱ्याला दगा दिला.

कड्याचं राखणं समजायला सोपं आहे. आमचा जिल्हा शेळ्यांसाठी देशभर ओळखला जातो. उस्मानाबादी शेळी ही नोंदणी झालेली जात आहे, काळीभोर, काटक, दोन करडं देणारी. ती बाभळीच्या फांदीवर मागच्या दोन पायांवर उभी राहून शेंडा खाते, तेव्हा तिच्या तोंडातून काय सुटेल असा प्रश्न पडतो. रसाळ, काटे नसलेली, उन्हाळ्यातही हिरवी राहणारी वनस्पती सपाट माळावर शेळ्यांच्या वाटेत आली तर तिची धडगत नाही. माकुडी जिथे उरली ती ठिकाणं बघा: शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, महाबळेश्वरच्या बाजूचे कडे. जिथे गडाची तटबंदीही बांधावी लागली नाही, इतके सरळ तुटलेले कातळ. तिथे शेळी पोचत नाही, कुदळ पोचत नाही, पोचते ती माशी आणि वाऱ्यावर उडणारं शेपटीवालं बी.

तळाला असा कडा नाही. समुद्राचा तळ आपल्याला दिसत नाही म्हणून तो दुर्गम वाटतो, पण ट्रॉलरच्या जाळ्याला तो सपाट माळासारखा मोकळा आहे. जड जाळं तळ खरवडत जातं. कोळंबीसाठी टाकलेल्या जाळ्यात तळावर अंग पसरून पडलेलं सगळंच येतं. पाकटाचा चपटेपणा वाळूत लपायला उपयोगी होता, पण जाळ्याच्या बारीक आसातून निसटायला तोच आड येतो. लहान पिल्लूसुद्धा रुंदीमुळे अडकतं.

मालवणच्या किनाऱ्यावर मी रापण ओढताना पाहिली आहे. गावच्या माणसांनी दोन्ही बाजूंनी दोर धरून ओढायचं ते जाळं ट्रॉलरसारखं तळ उद्ध्वस्त करत नाही, आणि त्यात आलेले मासे किनाऱ्यापर्यंत जिवंत असतात. त्या दिवशी बांगड्या-तारल्यांबरोबर पाकटही आले. एका म्हाताऱ्या मच्छीमाराने सर्वांत आधी त्यांच्या शेपटीवरचे विषारी काटे मोडून टाकले. मला विचारलं, "तुमी खंयचे?" धाराशिव म्हटल्यावर त्याला उलगडा झाला नाही. तुळजापूरकडचा म्हटल्यावर चेहरा उजळला. "म्हणजे भवानीआईचे गाववाले!" म्हणाला आणि मला नीट दिसावं म्हणून त्याने एक पाकट उताणा केला. पोट पांढरंशुभ्र, त्यावर तोंडाची चीर आणि कल्ल्यांच्या पाच-पाच रेघा. ती मादी होती. वाळूवर पडल्या पडल्या तिने पिल्लं टाकली. दोन. पर अंगाभोवती गुंडाळलेले, शेपटी अंगाबाहेर, डोळे उघडे. म्हाताऱ्याने काही न बोलता दोन्ही उचलली, गुडघाभर पाण्यात गेला आणि सोडून दिली. जगतील का, मी विचारलं. "जगली तर जगली," तो म्हणाला आणि दोराकडे वळला.

पुढे वाचताना कळलं की पकडलेल्या गाभण पाकटांचं हे नेहमीचं असतं. जाळ्याच्या ताणाने पिल्लं वेळेआधी पडतात. पाकट अंडी घालत नाहीत. पिल्लं मादीच्या पोटात वाढतात, तिच्या गर्भाशयातून स्रवणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पोसतात, आणि मोजकीच जन्मतात. मादी वयात यायलाच काही वर्षं जातात. बांगडा लाखांनी अंडी सोडतो, त्याचं एक साल वाईट गेलं तर पुढचं साल भरून काढतं. पाकटाला ते जमत नाही.

इथे मला पुन्हा आमच्या शेळ्याच आठवतात. शेळी वर्ष-दीड वर्षात विते, जुळी देते, तरीही गाभण शेळी आमच्याकडे कुणी समजून उमजून खाटकाला देत नाही. बाजारात व्यापारी पोट चाचपून बघतो, मालक सांगतो, आणि व्यवहार तिथे थांबतो. दयेचा भाग असेलही, पण मुख्य हिशेब कळपाचा आहे. मादी गेली तर पुढचं साल गेलं, हे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं. समुद्रावरच्या माणसांनाही ठाऊक असतं, त्या म्हाताऱ्याच्या हातांनी ते मला दाखवलं. पण तासन्‌तास तळ ओढणाऱ्या यंत्राच्या जाळ्यात पोट चाचपायला हात नसतो. शिवाय जाळ्यात येणाऱ्या बारीकसारीक, न विकल्या जाणाऱ्या मासळीलाही आता गिऱ्हाईक आहे. ती वाळवून, दळून तिची भुकटी होते आणि कोंबड्यांच्या नि कोळंबीच्या खाद्यात जाते. समुद्र आमच्यापासून लांब आहे असं मी वर म्हटलं खरं, पण आमच्याकडच्या कोंबडीपालनाच्या शेडमध्ये येणाऱ्या खाद्याच्या पोत्यात तो असू शकतो.

आकडे मोठे आहेत. २०२१मध्ये शार्क, पाकट आणि त्यांच्या नात्यातल्या १,१९९ जातींचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३९१ धोक्यात निघाल्या. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने सांगितलं की खुल्या समुद्रात फिरणाऱ्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७०पासून ७१ टक्क्यांनी घटली आहे. पाकटांच्याच गोतातले, अंगाने अर्धे शार्क आणि अर्धे पाकट दिसणारे गिटार मासे आणि पाचरीच्या आकाराच्या तोंडाचे त्यांचे भाऊबंद यांची स्थिती सर्वांत वाईट. त्यांच्या दोन कुळांतल्या १६ जातींपैकी १५ अतिधोक्यात आहेत. करवत माशांविषयी किनाऱ्यावरची जुनी माणसं अजून बोलतात, तरुणांनी ते पाहिलेले नसतात.

हे वाचताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. माकुडी आणि जावाचा पाकट या दोघांना आपण एकाच यादीत बसवतो, धोक्यातल्या जातींच्या. पण त्यांच्यात मूळचाच फरक आहे. माकुडी पहिल्यापासून थोडीच होती. मोजक्या डोंगरांची, मोजक्या कातळांची. तिचं थोडं असणं लोकांच्या डोळ्यांत भरलं, आणि म्हणून तिच्यावर डोळे राहिले. १९८०च्या दशकात आययूसीएनने जगातल्या सर्वांत धोक्यातल्या १२ वनस्पतींत तिचं नाव घेतलं, तेव्हापासून ती अभ्यासकांच्या नजरेआड झालेली नाही. तिच्या फांदीचा तुकडा मातीत खोचला की जीव धरतो, त्यामुळे ती परदेशांतल्या हौशी लोकांच्या कुंड्यांतही पोचली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांचं सगळं गोत डोंगरोडोंगर फिरून शोधलं, त्यातल्या दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या. कुंडीतली माकुडी म्हणजे कड्यावरची माकुडी नाही, हे मान्य. कलमातून वाढलेली शंभर रोपं ही एकाच झाडाचे शंभर तुकडे असतात, आणि कड्यावर बियांतून उगवलेली दहा झाडं त्यांच्याहून जास्त मोलाची. तरी कुंडी आहे, कलम आहे, हातात काहीतरी आहे.

पाकटाच्या बाबतीत हातात काहीच राहिलं नाही. ज्या दिवशी मार्टेन्सने तो विकत घेतला त्या दिवशी त्या बाजारात इतर पाकटही असतीलच, कोळणीने याला त्यांच्यातलाच एक समजून वजन केलं असेल. पाकट भरपूर होते, आणि भरपूर असलेल्यांतला एखादा कमी झाला तर कुणाच्या ध्यानात येतं? मला वाटतं, थोड्यांवर माया करायला आपण शिकलो आहोत. भरपूर असलेल्यांवर पाळत ठेवायला अजून शिकलेलो नाही.

आणि ही समुद्रापुरती गोष्ट नाही, म्हणूनच मी ती इथे, धाराशिवात बसून लिहितो आहे. माकुडीची एक सख्खी चुलतबहीण आमच्या माळांवर राहते, माकडशिंगी. चौकोनी, मांसल, बिनपानांच्या कांड्या, शेंड्याकडे निमुळत्या होत गेलेल्या, बोटभर ते वीतभर उंच. मुरमाड उतारावर, करवंदाच्या नाहीतर बोरीच्या बुंध्याशी, कुसळी गवताच्या आडोशाने ती उभी असते. फुलं शेंड्याकडे, जांभळट, कडेला बारीक केसांची झालर, वारा आला की ती झालर थरथरते. गुराखी पोरं तिची कांडी मोडून मीठ लावून खातात, भुकेच्या वेळी पोटाला आधार म्हणून. कुणी भाजीही करतं, कडवट लागते. तिची भूक मारण्याची ख्याती पुढे दूरवर गेली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिच्या अर्काच्या कॅप्सूल वजन कमी करण्यासाठी परदेशांत विकल्या जाऊ लागल्या.

माकडशिंगी दुर्मीळ नाही. कुठल्याच लाल यादीच्या वरच्या रांगेत तिला जागा मिळणार नाही. पण ती जिथे उगवते ती जमीन सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून पडलेली असते, नाहीतर गायरान म्हणून. नांगर लागत नाही, पीक येत नाही, म्हणून तिथे काहीच नाही असा सगळ्यांचा समज. रस्त्याला मुरूम हवा, तिथून न्या. खडी क्रशर बसवायचंय, तिथे बसवा. भूम-वाशीच्या पठारावर आणि बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यापर्यंत जायला रुंद रस्ते झाले, ते याच उतारांतून. वीज आम्हाला हवीच आहे, आणि ज्याच्या रानात पवनचक्की बसते त्याला दुष्काळात तो पैसा किती महत्त्वाचा हे मी जवळून पाहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की रस्ता आखताना उताराकडे एकदा बघून घ्यावं, तिथे काय उभं आहे ते लिहून ठेवावं. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्याला कुंपण आहे, पहारा आहे, त्याचं मला समाधान आहे. पण माकडशिंगीचं बहुतेक राज्य अभयारण्याच्या बाहेर आहे.

कायद्याचंही असंच. १९७२चा वन्यजीव कायदा झाला तेव्हा त्यात वनस्पती नव्हत्याच. १९९१च्या दुरुस्तीने त्या आल्या, त्याही सगळ्या देशातल्या सहाच, आणि त्यांत शिवनेरीची माकुडी नव्हती. माशांची पाळी २००१मध्ये आली. जुलैमध्ये सरकारने शार्क आणि पाकटांचा सगळा गटच पहिल्या परिशिष्टात टाकला. किनाऱ्यावर गदारोळ झाला, आणि डिसेंबरमध्ये यादी दहा जातींवर आणली गेली, त्यांत करवत मासे होते, एक गिटार मासा होता. मच्छीमारांचा संताप मला समजतो. रात्री ओढलेल्या जाळ्यात काय येईल ते कुणाला सांगून येत नाही, आणि पोटावर पाय आला की माणूस कायद्याचा वैरी होतो. पण त्या पाच महिन्यांत एक गोष्ट राहून गेली. कुठल्या बंदरावर कुठला पाकट किती उतरतो याची वर्षानुवर्षांची नोंद हाताशी असती, तर सगळे की दहा असा वाद घालावा लागला नसता.

आमच्या पठाराचं आणि पाकटाचं नातं याहूनही जुनं आहे, आणि ते मला फार प्रिय आहे. आमच्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर. हे थर नेमके कधी साचले, डायनासोर संपण्याच्या सुमारास की बऱ्याच नंतर, यावर भूशास्त्रज्ञांत खूप काळ वाद होता. दोन लाव्ह्यांच्या मधे आणि त्यांच्या बुडाशी गाळाचे पातळ थर सापडतात, त्यांत तेव्हाचे जीव दगड होऊन राहिले आहेत. निजामाच्या राज्यात धाराशिवाबरोबर असलेलं आणि आता तेलंगणात गेलेलं आसिफाबाद, त्याच्या परिसरातल्या अशा गाळात पाकटाचे चपटे दात मिळाले. शिंपले भरडायला उपयोगी पडतील असे, फरशीसारखे एकाला एक लागून बसणारे दात. १९९३मध्ये प्रसाद आणि कापेटा या संशोधकांनी त्या दातांवरून जात ओळखली, ती क्रेटेशियस कालखंडाच्या अखेरची, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, आणि दख्खनच्या पाषाणाचं वय ठरवायला तो मोठा पुरावा ठरला. आमच्या पठाराच्या जन्माला साक्षीदार म्हणून उभा राहिला तो एक पाकट. लाव्ह्याने प्रदेशच्या प्रदेश झाकला गेला, डायनासोर गेले, आणि पाकटांचा वंश त्यातून पार होऊन आजपर्यंत आला. हे सगळं पचवलेल्या कुळातला एक मासा गेल्या दीडशे वर्षांत आपल्या हातून गेला, आणि त्याचा एकच नमुना मागे राहिला, हे मला सहजासहजी पचत नाही.

तेरला गेलं की हाच विचार पुन्हा येतो. तेरणेच्या काठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातला ग्रीक व्यापारी आपल्या सागरी प्रवासाच्या पुस्तकात, पेरिप्लसमध्ये, लिहितो की तगरहून भडोचला गाड्यांनी जाडंभरडं कापड, मलमल, आणि समुद्रकाठच्या भागांतून तगरला आलेला मालही जातो. म्हणजे समुद्र आमच्या गावातून बैलगाड्यांत भरून पुढे जात होता. तेरच्या लामतुरे संग्रहालयात फिरताना शंखाच्या वस्तू बघितल्या की वाटतं, दोन हजार वर्षांपूर्वी या मुरमाड रानातल्या बाईच्या हातात समुद्र होता. तेव्हा अंतर आजच्यापेक्षा कितीतरी जास्त, दिवसांच्या नाही, आठवड्यांच्या वाटेचं. आज मुंबईची गाडी एका रात्रीत पोचवते, आणि तरी समुद्रात काय संपतंय हे आमच्या कानावर येत नाही, माळावर काय संपतंय हे किनाऱ्यावरच्यांना कळत नाही.

२००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली, आणि तेव्हा अनेक गावांत या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. आमच्या गावच्या वहीत वड, पिंपळ, लिंब, बाभूळ आहेत, शेळी आहे, मोर आहे. माकडशिंगी नाही. कारण वही भरणाऱ्याला ती नोंदण्याइतकी विशेष वाटली नसणार. मी ग्रामसेवकाशी बोललो आहे. वहीत दुरुस्ती करता येते, समितीने ठराव करायचा आणि पुरवणी पानं जोडायची. ते माझ्याकडे सोपवलं आहे. शेळ्या राखणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना कुठल्या उतारावर माकडशिंगी जास्त आहे, पूर्वी कुठे होती आणि आता कुठे उरली नाही, हे तोंडपाठ आहे. पाऊस सरताना ती फुलते, तेव्हा त्यांच्याबरोबर उतार चालून, गट नंबर टाकून, फोटो काढून ती पानं तयार करायची आहेत. मालवणच्या त्या म्हाताऱ्याच्या मुलाशी अधूनमधून फोनवर बोलणं होतं. रापणीत किती पाकट आले, त्यांत गाभण किती, हे तो आता वहीत लिहून ठेवतो. त्याच्या वहीचे फोटो मला येतात. मी माझ्या पानांचे त्याला पाठवणार आहे.